कार्बाइन ठाण्यात होती तेव्हा

परवा ऑफिसची बस चौबे कॉलोनीच्या वळणावर थांबली, तर चौकात शिडीवर चढलेली दोन माणसं एका भल्यामोठ्या हसऱ्या पुढाऱ्याला सोलून काढत होती. आधी कान गेला, मग गाल गेला, मग नुसते दात उरले. आचारसंहिता लागली होती. बसमधल्या बाकीच्यांना त्याचं फारसं काही नव्हतं. शेजारची एवढंच म्हणाली, "चलो, अब तबादले रुके." मी उतरले. घरापर्यंत पायी जाताना मी मात्र पर्समधली किल्ली दोनदा चाचपली, वाटेत फोन काढला आणि कशासाठी काढला ते न आठवून परत ठेवला. माझं हे दर निवडणुकीला होतं.

लोकांना आंब्याचा मोसम असतो, लग्नाचा असतो, परीक्षांचा असतो. आमच्याकडे एक जास्तीचा आहे, जमा करण्याचा. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात नेऊन द्यायची आणि निकाल लागून सगळं निवळलं की परत आणायची. यंदा पालिकेची निवडणूक आहे, थंडी पडली आहे, गच्चीवर वड्या-पापड वाळताहेत. पण फलक उतरताना दिसले की मला थंडी दिसत नाही. मला विधानसभेच्या वेळचं ते नवरात्र दिसतं, दुपारचं चिडचिडं ऊन, रस्त्यावरची देवीची जसगीतं, आणि दिवाणखान्याच्या कपाटामागची ती दोन रिकामी लाकडी हुकं.

तिला आम्ही कार्बाइनच म्हणतो. पॉइंट टू-टूची, बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायची, आखूड नळीची, खांद्याला टेकवायच्या अक्रोडाच्या लाकडी कुंद्याची. वजन म्हणाल तर बाजारातून येताना एका हातात जेवढी भाजी सहज मावते तेवढं. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी, माशीवर छोटंसं छप्पर, मागे खाचेचा पत्रा. पहिल्यांदा खांद्याला लावली तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला वाटलं होतं की हिच्यात काहीतरी लावायचं राहून गेलंय, इतकी ती हलकी होती. बाबा म्हणाले होते, "हलकी आहे म्हणूनच संभाळा लागते. जड बंदूक आपल्या वजनानं थोपून राहते. हे तुह्या श्वासासंगं हालते. मनात काही चालू असलं की माशी सांगते."

खरंच सांगते. ऑफिसात कुणाशी खटका उडालेला असला की त्या रविवारी माशी लक्ष्याच्या काळ्या वर्तुळावर टेकायलाच तयार नसे. नुसती माशीसारखी भिरभिरायची.

बाबांची सगळी नोकरी बीरगांवच्या बाजूला एका रोलिंग मिलमध्ये गेली. मिलचा आवाज त्यांच्या अंगात इतका भरलेला असे की घरी आल्यावर ते काही वेळ ओरडूनच बोलायचे आणि आई हाताने आवाज कमी करायची खूण करायची. शर्टाची कॉलर रोज काळी. अशा माणसाला या बंदुकीचा आवाज आवडला यात नवल नाही. तो आवाज कसला, टाळी वाजवल्यासारखा एक चट्ट. धक्काही नाही. "दिवसभर लोखंड बोंबलते," ते म्हणत, "हे एकच बोलते अन् चूप बसते." शिकार त्यांनी जन्मात केली नाही. रायफल क्लबचं सभासदत्व, रविवारची रेंज आणि कागदावरची वर्तुळं, एवढंच त्यांचं वेड.

आणि नियम. अरे देवा, नियम. घरात कार्बाइन एका हातातून दुसऱ्या हातात जायची तर देणाऱ्याने बोल्ट उघडून, आत बघून, करंगळी घालून "रिकामी" म्हणायचं. घेणाऱ्याने ते ऐकून घ्यायचं आणि विश्वास ठेवायचा नाही. त्याने पुन्हा उघडायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा करंगळी घालायची, स्वतः "रिकामी" म्हणायचं. देणारा समोर उभा असला तरी. देणारा बाप असला तरी. कॉलेजात असताना मी एकदा कंटाळून म्हटलं, "बाबा, तुम्ही आत्ता माझ्यासमोर बघितलं ना!" तर म्हणाले, "मी माह्यासाठी पाह्यलं. तुह्यासाठी कोण पाहीन?"

रिकामी आहे म्हणून चाप ओढून बघायलाही मनाई होती. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टिकली असते, पिन तिच्यावर आपटते. या बारक्या काडतुसाला टिकली नाही. त्याची ठिणगी बुडाच्या कडेतच भरलेली असते आणि पिन कडेवर बसते. आत काडतूस नसताना चाप ओढला की पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, काठावर आपटून काठ चेमटतो. म्हणून आमच्याकडे बंदूक रिकामी असल्याची खात्री फक्त डोळ्यांनी आणि करंगळीने करायची. बाहेरच्या लोकांना मात्र बंदूक हातात आली की आधी चाप ओढायचा असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवारी दुपारी साफसफाई. आई पंडरीच्या कापडबाजारातून मांजरपाटाचा कटपीस आणायची आणि बाबा कात्रीने त्याचे इवले इवले चौकोन कापायचे, गजाच्या टोकाला लावून नळीतून काढायला. पहिला चौकोन काळा निघायचा, दुसरा राखाडी, मग हळूहळू पांढरा. तेलाचा तो वास अजूनही आला की मला जेवून उठल्यासारखं वाटतं. आई नाक मुरडायची. "माह्या पोरीच्या झबल्याले नव्हता इतका पांढरा कपडा आणला कधी यायनं," म्हणायची, पण कापड नेहमी तीच आणायची आणि चांगलं बघून आणायची.

त्या वर्षी नवरात्राच्या आधीच्या रविवारी बीरगांवपलीकडच्या रेंजवर बकऱ्या शिरल्या. क्लब छोटा, माणसं मोजकी, एकमेकांचं एकमेकांनी बघायचं अशी रीत. बाबांनी नुकताच बोल्ट पुढे सारला होता आणि कुणीतरी ओरडलं, "रुको, रुको!" सगळे थांबले. बकऱ्या लक्ष्यांच्या मागच्या बांधावर चढून निवांत चरायला लागल्या. त्यांना हाकायला दोघं पळाले, आम्ही हसत बसलो, तेवढ्यात परतीच्या पावसाची सर आली. मग एकच घाई. बाबांनी काडतुसांचं मॅगझिन काढलं, खिशात टाकलं, कार्बाइन कव्हरमध्ये सरकवली आणि आम्ही गाडीकडे धावलो. मी गाडी चालवत होते. ते बाजूला बसून चष्मा पुसत होते आणि बकऱ्यांची नक्कल करत होते. इतके हसलेले बाबा मी बऱ्याच दिवसांत बघितले नव्हते.

घरी आल्यावर ते आंघोळीला गेले. मी मांजरपाट पसरला, कव्हर उघडलं, आणि सवयीने बोल्ट मागे ओढला. एक काडतूस उडून त्या पांढऱ्या कापडावर पडलं आणि घरंगळत कडेला जाऊन थांबलं.

चिंचोक्यापेक्षा फार मोठं नसेल. पितळेचं, चकचकीत, जिवंत. मॅगझिन काढलं की बंदूक रिकामी झाली असं समजणं ही नवशिक्याची चूक. क्लबात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला बाबा पहिल्या दिवशी हेच सांगत, की मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत उरते. ती एक आमच्याबरोबर बीरगांवच्या खड्ड्यांतून घरापर्यंत आली होती.

बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. मी लपवलं नाही, लपवणं सुचलंच नाही. म्हटलं, "बाबा, चेंबरमध्ये होतं."

ते उभेच राहिले. मग वाकून त्यांनी ते काडतूस उचललं, तळहातावर घेतलं, कडेवरून बोट फिरवलं. "माह्या हातून?" त्यांनी विचारलं. ते काडतूस डब्यात ठेवून ते ओल्या केसांनी अंगणात गेले आणि पाऊस नुकताच पडून गेलेला असताना झाडांना पाणी घालत बसले.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझा एक पाय हलायला लागतो. बाबा घरातलं सगळं पुन्हा पुन्हा बघत होते. गॅसचं बटण. मागच्या दाराची कडी. नळ. कडी लावून यायचे, बसायचे, उठून परत जायचे. आई चिडली, "अहो, त्या कडीले काय पाय फुटणार आहेत?" तर कसंनुसं हसले. रात्री औषध घेतलं की नाही ते मला विचारायला लागले, आणि मी सांगितलं तरी पाकीट उघडून बघायला लागले. मला कळत होतं ते काय तपासताहेत. कडी नव्हे, स्वतःला.

आणि मी? मला एकच काचत होतं. पुढच्या वेळी ते कार्बाइन माझ्या हातात देतील, "रिकामी" म्हणतील, आणि मी बोल्ट उघडेन. इतकी वर्षं उघडत आले, पण तो नियम होता. आता तो संशय होणार. उघडला नाही तर नियम मोडतो, उघडला तर त्यांचं मन मोडतं. ऑफिसात नकाशे तपासताना हेच डोक्यात. मी मनातल्या मनात कितीदा तरी बोल्ट उघडला आणि कितीदा तरी तसाच राहू दिला.

अशात आचारसंहिता लागली. बातमी ऐकली आणि आम्हा तिघांनाही, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. बाबा नुसते उठले आणि कव्हर झटकायला लागले.

ठाण्यात आमच्यासारख्यांची रांग होती. बारा बोअरवाले, गावाकडचे मालगुजारी थाटातले मिशीवाले, एक बँकेचा गार्ड. मालखान्याचे, म्हणजे जमा मालाच्या कोठीचे, मुन्शी टेबलामागे घामाघूम. बाबांनी "पॉइंट टू-टू कार्बाइन" म्हटल्याबरोबर त्यांनी मान वर केली. "कार्बाइन? बाबूजी, कार्बाइन तो हमारे पास रहती है!" मग कव्हर उघडल्यावर तिचं आखूड रूप बघून मोठ्याने हसले. "अरे, ए तो चिरई भगाए के आय!" रांगही हसली. बाबांचं नाक लाल झालं. चिमण्या हाकलायची म्हणे! एरवी त्यांनी तिथल्या तिथे रिमफायरवर, म्हणजे त्या कडेत भरलेल्या ठिणगीवर, व्याख्यान दिलं असतं.

पण त्या दिवशी त्यांनी फक्त बोल्ट उघडला, आत बघितलं, करंगळी घातली आणि म्हणाले, "खाली है. आप भी देख लीजिए."

"आप बोल रहे हैं तो खाली ही होगी, बाबूजी." मुन्शींनी ती घेतली, बोल्ट पुढे सारला, नळी छताकडे केली आणि बोट चापाकडे नेलं.

"नहीं!" बाबा इतक्या जोरात ओरडले की सगळं ठाणं वळून बघायला लागलं. मग बाबांनी मुन्शींना पिनेचं आणि कडेचं सगळं समजावून सांगितलं, आवाज खाली आणून, हात जोडून. मुन्शी भले माणूस, त्यांनी ऐकून घेतलं. पण बाबांचा चेहरा पांढरा पडला होता आणि चेंबरचा काठ चेमटण्याच्या भीतीने माणूस इतका पांढरा पडत नाही. त्या रविवारी मी बोल्ट ओढला नसता तर? तेच कव्हर, तोच हात, तेच बोट. गाडीत बसल्यावर त्यांनी सीटबेल्ट लावला, काढला, परत लावला. "मले माहाच भरोसा नाही राहिला, वैशे," ते म्हणाले. समोर सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते.

मग ती रिकामी हुकं. आम्हाला वाटलं होतं कार्बाइन घरात नसली की जीव थाऱ्यावर येईल. कसचं काय. रविवारी दुपारी बाबा मांजरपाट घेऊन बसले आणि चौकोन कापत राहिले. नळी नाही, गज नाही, नुसते चौकोन. आईने त्यांच्यासमोर हरभऱ्याची भाजी टाकली निवडायला, ती निवडून झाली, परत चौकोन. दिवाणखान्यात पांढऱ्या चौकोनांचा ढीग झाला. पंख्याने ते उडायचे आणि मी ऑफिसातून आले की सोफ्याखालून वेचायचे.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. पाटावर कार्बाइन, तिच्यापुढे आईची विळी आणि बाबांचं मिलमधलं मोजमापाचं व्हर्निअर, असा थाट. त्या वर्षी पाटावर गज आणि तेलाची बाटली. बाबांनी दोन्ही पुसून, हळद-कुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवलं. "नवरदेवाशिवाय सीमांतपूजन," आई म्हणाली. मला हसू आलं, आणि बाबाही हसतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते बाटलीचं झाकण घट्ट आहे का ते बघत होते. संध्याकाळी शेजारी सोनपत्ती द्यायला आले. बाबांनी प्रत्येकाला पान दिलं, आणि एकाला दोनदा दिलं.

निकाल लागला, मिरवणुका झाल्या, गुलाल धुतला गेला. ठाण्यातून जो तो आपापली बंदूक घेऊन गेला. आमची तिथेच. बाबा विषय काढत नव्हते. एका सकाळी चहाच्या वेळी आईनेच काढला. "राहू द्या ना तिकडेच. देऊन टाका कोणाले. नाही त मले रोज झाडताना त्या कपाटाकडे पाहून धडधडते." बाबांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काय म्हणते?"

मी काय म्हणणार होते? देऊन टाका म्हटलं असतं तर आईच्या आधी मीच त्यांना मोडीत काढल्यासारखं झालं असतं. आणा म्हटलं असतं तर ती धडधड आम्हा तिघांच्या पानात रोज वाढली गेली असती. मी म्हटलं, "आधी घेऊन तर येऊ."

ठाण्यात तेच मुन्शी. त्यांना बाबा चांगलेच लक्षात होते. "आइए बाबूजी, आपकी चिरई वाली." त्यांनी कार्बाइन आणली. कुंद्यावर कुंकवाचा मोठा टिळा! ठाण्यातही दसऱ्याला शस्त्रपूजा असते, आणि त्यांच्या रायफलींबरोबर हिलाही कुणीतरी पाटावर बसवलं होतं. "हमने सोचा, त्योहार में काहे छूटे," मुन्शी म्हणाले. लाकडावर कुंकू लावलेलं बाबांना एरवी चाललं नसतं. ते टिळ्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी बोल्ट उघडला. आत बघितलं. करंगळी घातली, काढली, परत घातली. "रिकामी," म्हणाले, आणि कव्हरमध्ये घालण्यासाठी कार्बाइन माझ्याकडे केली.

मी कुंद्याखाली हात धरला. मुन्शी बघत होते, मागे उभे असलेले दोघं बघत होते. आता सगळ्यांसमोर मी उघडून बघितलं तर या माणसाच्या हातात आता राम उरला नाही असं मीच जाहीर करणार होते. मी नाही उघडला बोल्ट. तशीच कव्हरकडे न्यायला लागले. कार्बाइन हललीच नाही. बाबांनी ती सोडलेली नव्हती.

"पाह्य ना," ते म्हणाले. "काहून नाही पाहून राहिली?"

"बाबा, तुम्ही बघितलं ना आत्ता."

"म्हणून त पाहाच लागते, पोट्टे!" आवाज मिलमधला होता, सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असा. "माह्यावर दया करून राहिली का? दया केली त कोणी मरन. हा नियम काय मी लोकायच्या चुकीसाठी केला होता? माह्याच चुकीसाठी केला होता. त्या रविवारी तू पाह्यलं म्हणून मी आज इथं उभा आहो."

मी बोल्ट उघडला. डोळे भरलेले असल्यामुळे आधी काही दिसेचना. पुसले, बघितलं, करंगळी घातली. आतला धातू गार होता. "रिकामी," मी म्हटलं, आणि कार्बाइन एकदम हलकी झाली, कारण त्यांनी हात काढून घेतला होता.

परतताना गाडीत ते शांत बसले. कितीतरी दिवसांनी सीटबेल्ट एकदाच लावला. "सत्तरी झाली की परवाना घरातल्याच्या नावानं करता येते," मध्येच म्हणाले. "तुह्या नावानं करू. मी रेंजवर येत जाईन, चौकोन कापत जाईन." मी हो म्हटलं. आईने त्या दिवशी टिळा पुसू दिला नाही. त्याचा तांबूस डाग कुंद्यावर अजून आहे.

आता परवाना माझा आहे, त्यामुळे ही पालिकेची निवडणूक माझी. आज सकाळी कव्हर काढलं. बाबा अंगणातल्या उन्हात खुर्ची टाकून बसले होते, कानटोपी घालून. अलीकडे त्यांना पुष्कळ गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतात. जेवण झालं का हेही ते कधीकधी विचारतात. पण मी कार्बाइन घेऊन समोर गेले की हात आपोआप पुढे येतात. मी बोल्ट उघडला, बघितलं, "रिकामी" म्हणून त्यांच्याकडे दिली. त्यांनी विश्वास ठेवला नाही. बोल्ट ओढला, नाक जवळ नेऊन आत बघितलं, करंगळी घातली. मग थांबले.

"पाह्यलं का मी?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, बाबा."

त्यांनी परत बघितलं. मग "रिकामी" म्हणाले आणि कार्बाइन माझ्याकडे केली. आतून आई ओरडली की रांग वाढेल, निघ लवकर. मलाही घाई होती, अकराला ऑफिसात बैठक होती. बाबांची बोटं कुंद्यावर तशीच घट्ट होती, डागावर. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी बोल्ट ओढला, आत बघितलं, करंगळी घातली. "रिकामी," मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.